बोर्डरूमबाहेरचे न्यायाधीश : ‘द अप्रेंटिस’च्या प्रेक्षकांचा इतिहास

#थ्रेड

३० एप्रिल २०११. वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांची वार्षिक मेजवानी चालू होती. व्यासपीठावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, आणि समोरच्या एका टेबलाशी न्यूयॉर्कचे बांधकाम व्यावसायिक डोनाल्ड ट्रम्प. ओबामांनी त्या रात्री ट्रम्प यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची मनसोक्त थट्टा केली. एका भागात स्टेकच्या स्पर्धेत पुरुषांचा संघ हरला, तेव्हा त्यातील कोणत्या कलाकाराला घरी पाठवायचे हा पेच ट्रम्प यांनी किती मुत्सद्देगिरीने सोडवला, असे काहीसे ते म्हणाले. असले निर्णय घ्यावे लागले तर आपली झोपच उडेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. सभागृह हसून लोटपोट झाले. ट्रम्प हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रात्री एनबीसी वाहिनीवर तोच कार्यक्रम, ‘सेलिब्रिटी अप्रेंटिस’, चालू असताना तो मध्येच थांबवून बातमी देण्यात आली. ओसामा बिन लादेन ॲबटाबादमध्ये मारला गेला होता. त्या मोहिमेचा आदेश थट्टेच्या आदल्याच दिवशी निघालेला होता.

मित्रहो, या दोन रात्रींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण मात्र त्या कार्यक्रमासमोर घरोघरी बसलेल्या माणसांकडे पाहू. ज्या कार्यक्रमाची राष्ट्राध्यक्षांनी टर उडवली, तो पाहणाऱ्यांचे मत नेमके काय होते? हा प्रश्न करमणुकीचा वाटतो. २०१६ नंतर तो इतिहासाचा झाला.

प्रारंभ ८ जानेवारी २००४ रोजी झाला. निर्माता मार्क बर्नेट. चार वर्षांपूर्वी निर्जन बेटावर माणसे सोडून त्यांची परस्परांशी झुंज लावणारा ‘सर्व्हायव्हर’ त्यानेच अमेरिकेत आणला होता. बेट बदलून मॅनहॅटन केले की ‘द अप्रेंटिस’ तयार होतो : सोळा उमेदवार, आठ पुरुष आणि आठ स्त्रिया, दर आठवड्याला एक व्यावसायिक कामगिरी, आणि हरलेल्या संघातील एकाची हकालपट्टी. अखेरीस उरेल त्याला ट्रम्प यांच्या कंपनीत एका वर्षाची नोकरी, पगार अडीच लाख डॉलर. ‘यू आर फायर्ड’ हे दोन क्षणांचे वाक्य काही आठवड्यांत शाळकरी मुलांच्या तोंडी बसले.

पहिल्या हंगामाला दर आठवड्याला सरासरी दोन कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले. १५ एप्रिल २००४ चा अंतिम भाग सुमारे २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. या यशात वेळापत्रकाचा वाटा किती, हेही लक्षात ठेवावे. त्याच वाहिनीवर, त्याच गुरुवारच्या रात्री ‘फ्रेंड्स’ या लाडक्या मालिकेचा शेवटचा हंगाम चालू होता. ‘फ्रेंड्स’ पाहून झाल्यावर रिमोट उचलण्याचा आळस करणारे लक्षावधी लोक आयतेच पुढे बसून राहत. हा आळस ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

प्रेक्षकांचे पहिले भांडण स्त्री-पुरुष या विषयावर झाले. पहिली कामगिरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबू सरबत विकण्याची होती. स्त्रियांचा संघ जिंकला. पुढच्या तिन्ही कामगिऱ्याही त्यांनीच जिंकल्या, लागोपाठ चार. पण सरबताच्या पेल्याबरोबर त्यांनी गिऱ्हाइकांना स्मितहास्य, लाडिक बोलणे आणि प्रसंगी गालावरचे चुंबनही देऊ केले होते. हे विक्रीकौशल्य की स्वतःचा अपमान? चौथ्या विजयानंतर खुद्द बोर्डरूममध्येच त्यांना समज देण्यात आली की रूपाच्या बळावर विक्री करण्याची मर्यादा आता ओलांडली जात आहे. येल विद्यापीठातील व्यवस्थापनाचे प्राध्यापक जेफ्री सोनेनफेल्ड यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रात कार्यक्रमावर कोरडे ओढले. नेतृत्व म्हणजे शेजाऱ्याला ढकलून स्वतः टिकणे, असा चुकीचा धडा यातून मिळतो, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. दुसरीकडे व्यवस्थापनाचेच काही शिक्षक या कार्यक्रमाचे भाग वर्गात दाखवून चर्चा घडवीत होते. एकाच चित्रफितीला कोणी विष म्हणत होते, कोणी पाठ्यपुस्तक.

दुसरे भांडण अधिक खोल गेले, आणि त्याला वर्णाची किनार होती. अंतिम फेरीत दोघे उरले : शिकागोत इंटरनेटवरून सिगार विकण्याचा व्यवसाय उभारलेला बिल रँसिक, आणि हार्वर्डमध्ये शिकलेला, गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेला कृष्णवर्णीय क्वामे जॅक्सन. क्वामेच्या हाती अटलांटिक सिटीतील ‘ट्रम्प ताजमहाल’ या कॅसिनोत जेसिका सिम्प्सन या गायिकेच्या मैफलीचे आयोजन होते. त्याच्या मदतनिसांत ओमारोसा मॅनिगॉल्ट होती, हंगामातील सर्वांत नावडती स्पर्धक. तिने गायिकेच्या आगमनाच्या व्यवस्थेत घोळ घातला आणि त्याबद्दल खोटेही बोलली. क्वामेने तिला काढले नाही. नंतर बोर्डरूममध्ये त्याला ऐकवण्यात आले की तिला काढण्याचा अधिकार त्याला होता. असा अधिकार आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. रँसिक जिंकला.

‘क्वामे मवाळ पडला, म्हणून हरला,’ असे अनेक प्रेक्षकांचे मत झाले. पण ओमारोसाबद्दलचा राग थोडा उलगडून पाहिला पाहिजे. ती भांडखोर होती, खोटे बोलली, हे पडद्यावर दिसत होते. पडद्यावर काय दिसावे हे मात्र संकलनाच्या खोलीत ठरत होते. शेकडो तासांच्या चित्रीकरणातून एक तासाचा भाग कापला जाई. कार्यक्रमाच्या संकलकांपैकी काहींनी पुढे मुलाखतींत सांगितले की ट्रम्प कधीकधी भलत्याच स्पर्धकाला काढून टाकीत. मग निर्णय शहाणपणाचा वाटावा म्हणून संकलक मागे जाऊन त्या स्पर्धकाच्या चुका शोधीत आणि त्या ठळकपणे मांडीत.

बखरी वाचणाऱ्या मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बखरकाराला शेवट ठाऊक असतो. जो हरला त्याच्या स्वभावात पहिल्या पानापासून खोट दिसू लागते, जो जिंकला त्याच्या जन्मापासून शुभशकुन होऊ लागतात. आपण बखर वाचतो तेव्हा ती केव्हा लिहिली, कोणाच्या आश्रयाने लिहिली, हे विचारतो आणि समकालीन पत्रांशी ताडून पाहतो. दोन कोटी प्रेक्षकांजवळ ताडून पाहण्यासारखी पत्रे नव्हती. कॅमेरा आहे म्हणजे साक्षीदार आहे, असे त्यांना वाटले.

आता १५ डिसेंबर २००५ या रात्रीकडे येऊ. माझ्या मते या कार्यक्रमाच्या इतिहासातील सर्वांत बोलकी रात्र हीच. चौथ्या हंगामाचा अंतिम भाग थेट प्रक्षेपित होत होता. अंतिम दोघांपैकी एक रँडल पिंकेट : ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, एमआयटीचा डॉक्टरेट, स्वतःची सल्लागार कंपनी चालवणारा कृष्णवर्णीय उद्योजक. दुसरी रिबेका जार्विस : विशीतील तरुण गौरवर्णीय अर्थपत्रकार, जिने हंगामाच्या सुरुवातीलाच घोटा मोडूनही कुबड्यांच्या आधाराने स्पर्धा चालू ठेवली. ट्रम्प यांनी रँडलला विजयी घोषित केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. रँडल जल्लोषात असताना त्याला पुन्हा बसवून ट्रम्प यांनी विचारले : रिबेकालाही नोकरीवर घ्यावे का? तुझे मत काय?

रँडलने नाही म्हटले. कार्यक्रमाचे नाव एकवचनी आहे, आज रात्री विजेता एकच असावा, हा त्याच्या उत्तराचा आशय. रिबेकाला घ्यायचेच असेल तर उद्या घ्या, असेही तो म्हणाला. तू हो म्हटले असतेस तर मी तिला घेतलेही असते, असे ट्रम्प यांनी सूचित केले आणि प्रकरण तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेत दोन तट पडले. एका तटाच्या दृष्टीने रँडल कोत्या मनाचा ठरला. जिंकलेल्याला दुसऱ्याच्या पदरात चार दाणे टाकायला काय जात होते? दुसऱ्या तटाने विचारले : याआधी तीन विजेते झाले, तिघेही गौरवर्णीय. त्यांच्यापैकी कोणाला हा प्रश्न विचारला होता? पहिल्या हंगामात क्वामे हरला, तेव्हा रँसिकला कोणी म्हटले होते का की क्वामेलाही बरोबर घे? मालिकेचा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरताच विजय वाटून घेण्याची कल्पना सुचावी, हा योगायोग त्यांना पटत नव्हता. रँडल स्वतः पुढे हेच म्हणत राहिला.

दोन्ही तटांनी एकच दीड-दोन मिनिटांचे दृश्य पाहिले होते, एकही शब्द कमी-अधिक न ऐकता. इथे संकलकाची कात्रीसुद्धा नव्हती, प्रक्षेपण थेट होते. तरी एकाला तिथे कृपणता दिसली आणि दुसऱ्याला अन्याय. उदारपणाची अपेक्षा आपण कोणाकडून करतो आणि कोणाकडून करत नाही, याची जी सवय समाजाला जडलेली असते, तिची ही नोंद आहे. शंभर सर्वेक्षणांतून ती इतकी स्वच्छ मिळाली नसती.

आता ज्याच्याबद्दल प्रेक्षक सहसा भांडतच नव्हते, त्याच्याकडे वळू. स्पर्धकांबद्दल मते फाटत. मोठ्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या व्यावसायिक योग्यतेबद्दल घरोघरच्या दिवाणखान्यांत फारसा वाद नव्हता. न्यायाधीशाचा निकाल चुकला असे लोक म्हणत, पण तो न्यायाधीश कसा झाला, हे विचारत नव्हते.

वस्तुतः विचारण्याजोगे पुष्कळ होते. अटलांटिक सिटीतील ताजमहाल कॅसिनो १९९१ मध्येच दिवाळखोरीच्या न्यायालयात गेला होता. पुढच्या वर्षी ट्रम्प यांच्या आणखी मालमत्ता त्याच वाटेने गेल्या. कार्यक्रमाने हे लपवले नाही. पहिल्याच भागात ट्रम्प स्वतः सांगतात की मी एकेकाळी अब्जावधींच्या कर्जात होतो, पण लढलो आणि जिंकलो. पराभवाचे असे वीरकथेत रूपांतर झाले की तो पराभव पुरावा म्हणून उरत नाही, अलंकार होतो. नोव्हेंबर २००४ मध्ये, दुसरा हंगाम ऐन रंगात असताना, त्यांच्या कॅसिनो कंपनीने पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, कागद सार्वजनिक होते, बातमी वर्तमानपत्रांत छापून आली होती. म्हणजे क्वामेची ज्या इमारतीत मैफल घेण्यावरून परीक्षा झाली, त्या इमारतीचा कारभार सात-आठ महिन्यांत न्यायालयाच्या दारात उभा होता. त्या आठवड्यातही लक्षावधी लोकांनी त्याच गृहस्थाला दुसऱ्याच्या व्यावसायिक चुका दाखवताना पाहिले.

लोकांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. वर्तमानपत्रातील चौकट दोन मिनिटांची, बोर्डरूम दर आठवड्याची. ती लखलखीत, मंद प्रकाशाची बोर्डरूमसुद्धा ट्रम्प टॉवरमध्ये कार्यक्रमासाठी मुद्दाम उभारलेला सेट होता, कारण खरी कार्यालये तेवढी दिमाखदार दिसत नव्हती. दरबार आधी सजवला, मग राजा बसवला. आपल्याकडील इतिहासाच्या विद्यार्थ्याला सिंहासन आणि सत्ता यांचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको.

विशेष म्हणजे या प्रतिमेने पैसाही आणला. ट्रम्प यांच्या करविषयक कागदपत्रांच्या आधारे २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हिशेब मांडला की या कार्यक्रमातून, आणि त्यातून आलेल्या प्रसिद्धीच्या जोरावर झालेल्या करारांतून, त्यांना एकूण सुमारे ४२ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. यशस्वी उद्योगपतीची भूमिका करणे हा त्यांच्या सर्वांत यशस्वी उद्योगांपैकी एक ठरला.

ब्रिटनमधील प्रेक्षकांची गोष्ट निराळी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे हाच कार्यक्रम फेब्रुवारी २००५ मध्ये बीबीसीवर सुरू झाला. खुर्चीत ॲमस्ट्रॅड कंपनीचे संस्थापक ॲलन शुगर : पूर्व लंडनच्या हॅकनीत गरिबीत वाढलेले, तुसडे, झगमगाटाशी वैर असल्यासारखे. ब्रिटिशांनी तो कार्यक्रम प्रामुख्याने फुशारक्या मारणाऱ्यांच्या फजितीचा प्रहसनप्रकार म्हणून पाहिला. तरी २००८ मध्ये त्यांनाही गंभीर व्हावे लागले. त्या वर्षीच्या विजेत्याने अर्जात विद्यापीठात दोन वर्षे शिकल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात तो चार महिनेच तिथे होता. हे मुलाखतीच्या भागात उघडही झाले, आणि तरी शुगर यांनी त्यालाच निवडले. खोटे बोलणाऱ्याला नोकरी द्यावी का, यावर कार्यालयाकार्यालयांत खल झाला. पुढच्याच वर्षी सरकारने शुगर यांना उद्योगविषयक सल्लागार नेमून उमरावपद दिले, तेव्हा विरोधी पक्षाने आक्षेप घेतला : सरकारचा माणूस बीबीसीच्या खुर्चीत कसा? दूरचित्रवाणीवरील लोकप्रियता आणि राजकारण यांच्यात कुंपण हवे, हे तिथे निदान मोठ्याने विचारले गेले.

अमेरिकेत ते कुंपण नव्हते. मूळ स्वरूपातील कार्यक्रमाचे प्रेक्षक २००७ पर्यंत सरासरी पंचाहत्तर लाखांच्या आसपास घसरले होते. २००८ पासून प्रसिद्ध व्यक्तींना स्पर्धक करून त्यात पुन्हा धुगधुगी आणली गेली. जून २०१५ मध्ये ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. मेक्सिकन स्थलांतरितांबद्दलच्या त्या भाषणातील उद्गारांनंतर एनबीसीने महिना संपण्यापूर्वी त्यांच्याशी संबंध तोडले. अकरा वर्षांचे प्रेक्षक मात्र कोणाला तोडता येणार नव्हते.

इथे तो रिमोटचा आळस कामाला येतो. युन्जी किम आणि शॉन पॅटरसन या राज्यशास्त्रज्ञांनी या प्रेक्षकवर्गाचा अभ्यास केला. अडचण उघड होती : ज्यांना ट्रम्प आधीपासून आवडत तेच कार्यक्रम पाहत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? तेव्हा त्यांनी वाहिनी न बदलण्याच्या सवयीचा आधार घेतला. आधीचा कार्यक्रम आवडतो म्हणून जे योगायोगाने पुढे बसून राहिले, त्यांच्यामुळे जिथे ‘द अप्रेंटिस’ अधिक पाहिला गेला, तिथे २०१६ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत काय घडले, हे त्यांनी तपासले. अशा ठिकाणी ट्रम्प यांना अधिक पाठिंबा मिळाल्याचे त्यांना आढळले. करमणूक म्हणून बनलेले मत मतपेटीपर्यंत पोचले होते. अर्थात त्या निवडणुकीला इतर अनेक कारणे होती. एका कार्यक्रमाने राष्ट्राध्यक्ष घडवला, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

ज्यांनी ती बोर्डरूम आतून पाहिली होती, त्यांच्यापैकी काहींनी एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेऊन ट्रम्प यांना मत देऊ नका असे आवाहन केले. त्यांत रँडल पिंकेट आणि क्वामे जॅक्सन दोघेही होते. ओमारोसा दुसऱ्या बाजूला होती. २०१७ मध्ये ती व्हाइट हाउसमध्ये अधिकारी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला तिथूनही काढण्यात आले.

आपल्याकडे ‘शार्क टँक इंडिया’ डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्याचे मूळ अमेरिकन अप्रेंटिसमध्ये नसून २००१ च्या एका जपानी कार्यक्रमात आहे. पहिल्या हंगामात मालेगाव तालुक्यातील एक तरुण आला होता. पाठीवर फवारणीचा पंप वाहणाऱ्या बापाचे कष्ट पाहून त्याने सायकलीच्या धर्तीवर औषधफवारणीची गाडी तयार केली होती. त्याला दहा लाख रुपये चाळीस टक्के हिश्शाच्या बदल्यात आणि वीस लाख बिनव्याजी कर्ज मिळाले. मराठी घरांत तो भाग पाहताना अनेकांचे डोळे पाणावले, आणि लगेच पुढचा प्रश्न आला : चाळीस टक्के जास्त नाही का झाले? त्याच सुमारास प्रेक्षकांनी आणखी एक उद्योग केला. खुर्च्यांत बसलेल्या गुंतवणूकदारांच्या स्वतःच्या कंपन्यांचे ताळेबंद शोधून काढले, कोणाची कंपनी तोट्यात आहे याच्या याद्या फिरवल्या. त्यांत थट्टा होती, थोडा आकसही होता, आणि वाढत्या कंपनीचा तोटा म्हणजे अपयशच, हा गैरसमजही होता. पण २००४ मध्ये ताजमहाल कॅसिनोचे कागद अशा उत्साहाने कोणी घरोघर फिरवले नव्हते.

मार्च २०२५ पासून ‘द अप्रेंटिस’चे जुने हंगाम अमेरिकेत ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर पुन्हा दाखवले जाऊ लागले. त्या वेळी खुर्चीतील गृहस्थ दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झालेले होते. तुमच्यापैकी कोणाला ते पाहण्याची संधी मिळाली, तर पहिल्या हंगामाचा शेवट अवश्य पाहा. क्वामे ताजमहालच्या दालनांतून घाईघाईने फिरतो आहे, गायिका कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, ओमारोसा फोनवर आहे. आणि मागे भिंतीवर, जवळजवळ प्रत्येक चौकटीत, मालकाचे नाव सोनेरी अक्षरांत झळकते आहे.